मामांची एमजी मिजेट, जिप्सीचं इंजिन आणि ऐरोलीचं रो-हाउस

ऐरोलीचा_पाना (९ ऑक्टोबर)

मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिला धागा काढतो.

माझ्या मामांकडे १९६७ची एमजी मिजेट आहे, दोन सीटची छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १२७५ सीसीची. १९७८ साली त्यांनी ती दादरच्या एका पारशी डॉक्टरांकडून घेतली. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात घाटात गरम होऊन बंद पडली. तेव्हाचा मेकॅनिक म्हणाला, "ब्लॉक फुटलाय, आता काही होणार नाही." तेव्हापासून गाडी शहापूरला मामांच्या वाडीत आंब्याच्या पेट्यांमागे उभी होती. गेल्या महिन्यात मामा म्हणाले, "तुला हवी तर ने, नाहीतर भंगारवाला दर आठवड्याला विचारतोच आहे." फ्लॅटबेडवर टाकून घरी आणली.

आता बेत सांगतो. ब्रिटनमधून तयार इंजिन मागवायचं तर इंजिनाच्या किमतीपेक्षा भाडं आणि ड्युटीच जड. म्हणून मारुती जिप्सीचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणारं) इंजिन टाकायचं ठरवलंय: १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, ८० बीएचपी. अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, त्यामुळे मिजेटच्या बिडाच्या इंजिनापेक्षा हलकं. शिवाय जिप्सीत ते उभं बसतं आणि सोबत पाच गिअरचा बॉक्स येतो. मारुतीच्या बाकीच्या बऱ्याच गाड्यांत याच घराण्याची इंजिनं आडवी, पुढच्या चाकांना जोडलेली. ती इथे उपयोगाची नाहीत.

जागा म्हणजे सिडकोच्या रो-हाउसचं अंगण. गाडी आत घेतली की तुळस आणि डाव्या बाजूचा दरवाजा यांत एक वीत उरते. हत्यारं बऱ्यापैकी आहेत, मिग वेल्डिंग येतं, रविवार मोकळा असतो. काय काय आडवं येईल ते सांगा.

डिझेलची_धार

आडवी पहिली बायको येईल. दुसरा शेजारी.

हेराल्डवाले_काका

अभिनंदन आणि निषेध, दोन्ही एकदम स्वीकारा. माझ्याकडे १९६८ची स्टँडर्ड हेराल्ड आहे, नौपाड्यात, मूळ इंजिनासकट, अजून चालते. मिजेटला जिप्सीचं इंजिन म्हणजे पैठणीवर जीन्सचं जाकीट. एकच प्रश्न: ब्लॉक फुटलाय हे तुम्ही स्वतः पाहिलंत का? भेग कुठे आहे?

ऐरोलीचा_पाना

काका, पाहिलं नाही. इंजिन पूर्ण जाम आहे, क्रँक इंचभरही फिरत नाही. मामांनी सांगितलं तेच धरून चाललोय.

हेराल्डवाले_काका

मग २५-२७ वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या बोलण्यावर तुम्ही गाडी कापायला निघालात. असो. जुनं इंजिन भंगारात देऊ नका एवढंच सांगतो.

कलम_बावन्न

कोणीतरी हे सांगायलाच हवं, म्हणून मी सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सीएनजी किटला सूट आहे, ती या कामाला लागू होत नाही.

आणि खरा तोटा पुढेच आहे. जुलै २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या खासगी गाडीला 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. आधीच नोंद असलेल्या गाडीचा नंबर जुनाच ठेवता येतो. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल केलेला नसावा. तुझी ६७ची गाडी वयाच्या अटीत सहज बसते. इंजिन बदललंस की बाहेर.

वाशीच्या आरटीओत जाऊन "साहेब, इंजिन नंबर बदलून द्या" म्हणालास तर काय होईल ते तूच विचार कर. विमा कंपनीही अपघातानंतर हेच कलम वाचून दाखवेल.

मुलुंड_पलीकडे

अरे अर्ध्या महाराष्ट्रात जीपला दुसरी इंजिनं लावलेली फिरतात, कोण बघतंय?

कलम_बावन्न

कोणी बघत नाही तोवर कोणी बघत नाही. नंतर समोरच्याच्या पायावर गाडी गेली की सगळे बघतात.

ऐरोलीचा_पाना (१३ ऑक्टोबर)

दोन रात्री विचार केला. कलम_बावन्न, तुझं म्हणणं पटलं, पण बेत सोडवत नाही. म्हणून असं ठरवलंय:

गाडी रस्त्यावर काढायची नाही. मामांच्या वाडीत जवळजवळ पाऊण किलोमीटरचा खासगी कच्चा रस्ता आहे. फ्लॅटबेडने न्यायची, तिथेच चालवायची. आणि गाडीत जे काही करेन ते उलटं फिरवता आलं पाहिजे. मोनोकॉकला (वेगळी चासी नसलेल्या बॉडीला) जुन्याच बोल्टच्या भोकांवर ब्रॅकेट, नवीन वेल्ड नाही. कुठे कापावंच लागलं तर तुकडा जपून ठेवायचा. जुनं इंजिन गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली. उद्या कोणाला मूळ रूपात हवी असली तर दोन रविवारांत परत.

हेराल्डवाले_काका

निषेध अर्धा मागे घेतो.

वागळे_लेथ

मी वागळे इस्टेटमध्ये लेथ चालवतो, मोटारींचं कामही अधूनमधून येतं. काही रोखठोक गोष्टी:

कार्बोरेटरवाली जिप्सी कोणी स्वस्तात दिली तर घेऊ नको. तिचा डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) हेडच्या मागच्या टोकाला असतो आणि मिजेटच्या फायरवॉलला, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्याला, जागा नाही, हीटरचं शेल्फ आडवं येतं.

जिप्सीचा ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून सुटा असतो, मध्ये छोटा शाफ्ट. हे तुझं नशीब. केस ठेवून दे, फक्त गिअरबॉक्स घे, सरळ मागच्या अ‍ॅक्सलला शाफ्ट जोड.

इंजिन घेशील ते बिलासकट घे, बिलावर इंजिन नंबर हवा आणि ज्या गाडीतून निघालं तिची नोंद रद्द झाल्याचा कागदही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर शंभर मिळतील. बिल देणारे चार.

मिजेट उचलण्यापूर्वी सिल बघ. दरवाजाखालचा तो पोकळ पत्रा हाच या गाडीचा कणा आहे. गंजला असेल तर इंजिन काढल्यावर गाडी मधोमध वाकते, मग दरवाजे बसत नाहीत. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ, आत गेला तर थांब.

आणि चेन पुली आहे का? नसेल तर माझी एक टनाची घेऊन जा. स्लॅबच्या पंख्याच्या हुकाला लावलीस तर मात्र परत मागेन.

ऐरोलीचा_पाना

दादा, खरं सांगू? हुकालाच लावणार होतो.

वागळे_लेथ

इंजिन-गिअरबॉक्स मिळून दोन माणसांचं वजन. सिडकोच्या स्लॅबवर एवढा विश्वास माझा तरी नाही. तीन इंची पाइपची घोडी करून देतो, राबाडे एमआयडीसीतून पाइप आण.

तुर्भे_टायमिंग

मी कंट्रोल पॅनलचं काम करते, वायरिंगचा भाग मला सोपवा. पण आधी एक बघा: १९६७च्या मिजेटमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असण्याची दाट शक्यता आहे, त्याच काळात कंपनीने ते बदललं. म्हणजे बॅटरीची धन तार बॉडीला. त्या अवस्थेत जिप्सीचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जोडलात तर धुराचा वास येईपर्यंतच तो जगेल. डायनॅमो काढून जिप्सीचाच अल्टरनेटर ठेवा.

ईसीयू, हार्नेस (वायरिंगचा जुडगा), सगळे सेन्सर, थ्रॉटल बॉडी, अगदी रिलेचा डबासुद्धा एकाच गाडीतला घ्या. दुकानदार "सगळे सारखेच असतात" म्हणेल. पिन मोजा.

ऐरोलीचा_पाना (४ नोव्हेंबर)

अपडेट. कुर्ल्यात तीन शनिवार गेले. शेवटी लिलावातून आलेली एक जिप्सी मिळाली, बॉडीची चाळण झालेली पण इंजिन चालू करून दाखवलं. इंजिन, गिअरबॉक्स, ईसीयू, हार्नेस, बिल आणि नोंद रद्द झाल्याचा कागद, सगळं मिळून ६५ हजार. टेम्पो ऐरोली पुलावर अडकला तेव्हा मागे बसून इंजिनाला धरून होतो. आजूबाजूचे बघत होते.

सिल टोचून पाहिले. उजवा ठणठणीत, डाव्याच्या मागच्या टोकाला नखाएवढं भोक. तेवढं आधी दुरुस्त केलं. हा एकच वेल्ड, आणि तो मूळ रूपाकडेच नेणारा, त्यामुळे काकांनी रागावू नये.

जुनं इंजिन काढताना कळलं की मिजेटमध्ये गिअरबॉक्स एकटा निघत नाही, इंजिन आणि बॉक्स एकत्रच तिरके करून उपसावे लागतात. घोडी, चेन पुली, मी आणि धाकटा भाऊ. तीन तास. शेवटी गिअरबॉक्सच्या शेपटातून राहिलेलं ऑइल सरळ तुळशीत गेलं.

डिझेलची_धार

म्हटलं होतं ना, आडवी पहिली कोण येईल.

ऐरोलीचा_पाना

तुळस जगली. मी थोडक्यात वाचलो.

ऐरोलीचा_पाना (२ डिसेंबर)

इंजिन बसवण्याआधी वागळे दादांच्या सांगण्यावरून प्लायचा डमी केला: जिप्सीच्या इंजिनाची लांबी, सम्प (तळाचं ऑइलचं भांडं), बेल हाउसिंग (क्लचवरचं कवच) आणि गिअरबॉक्सचं शेपूट एवढंच. हे दोनशे रुपयांचं प्लाय नसतं तर माझे वीस हजार गेले असते. पाच वेळा आत-बाहेर केलं. दिसलेल्या गोष्टी:

सम्पची पुढची कड क्रॉसमेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या आडव्या पट्टीला, बोटभर अडत होती. सम्प कापून, उथळ करून परत जोडला. जिप्सीचाच सम्प, मिजेटला धक्का नाही.

माउंटिंगच्या जागा जुळत नाहीत. मिजेटच्या इंजिनाला पुढच्या टोकाजवळ, जिप्सीच्याला कुशीत. ८ एमएमच्या एमएस प्लेटचे दोन ब्रॅकेट केले, जुन्या भोकांवर बोल्टने. जिप्सीचेच रबर.

बोगदा, म्हणजे दोन सीटांमधला गिअरबॉक्सचा उंचवटा, अरुंद. मुख्य भाग बसला, पण लिव्हर चार इंच मागे येतो. तिथे पुस्तकाएवढा चौकोन कापला. हातातला ग्राइंडर दहा मिनिटं नुसता फिरत होता, टेकवायचा धीर होत नव्हता. कापलेला तुकडा तारीख घालून शर्टच्या खोक्यात ठेवलाय. वरून बोल्टने बसणारं झाकण केलं.

शेजारच्या आजोबांची तक्रार आली. दुपारी दोन ते चार ग्राइंडर बंद, असा तह झालाय.

मुलुंड_पलीकडे

क्लचचं काय केलंस? जिप्सीला केबल असते.

ऐरोलीचा_पाना

तीच तर गंमत. मिजेटचा पेडल हायड्रॉलिक आहे आणि मला पेडलबॉक्सला हात लावायचा नव्हता. म्हणून पेडलकडचा मास्टर सिलिंडर मूळचा ठेवला आणि बेल हाउसिंगवर ब्रॅकेट करून क्लचचा काटा हलवणारा स्लेव्ह सिलिंडर लावला. पहिल्यांदा केबलच्याच बाजूला लावला आणि तासभर डोकं खाजवत बसलो. केबल काटा ओढते, स्लेव्ह ढकलतो. तो उलट्या बाजूलाच हवा. वागळे दादा फोनवर दोन मिनिटं नुसते हसत होते.

वागळे_लेथ

तीन मिनिटं.

प्रोपेलर शाफ्टबद्दल सगळ्यांसाठी लिहितो, कारण याच ठिकाणी घरगुती कामं फसतात. पुढचा जॉइंट जिप्सीच्या छोट्या शाफ्टचा घेतला, मागचा फ्लँज मिजेटचा, मध्ये नवीन पाइप. लांबी मोजायची ती गाडी चाकांवर उभी असताना, घोडीवर नाही. मागचा अ‍ॅक्सल लोंबकळत असेल तर माप चुकतं. गिअरबॉक्सचं शेपूट आणि अ‍ॅक्सलचं नाक एकमेकांना समांतर हवं. दोन्ही जॉइंटचे कोन सारखे आले की एकाची थरथर दुसरा खातो. नाही आले तर ६० च्या पुढे सीटखाली गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतं. आणि बॅलन्सिंग केल्याशिवाय शाफ्ट लावायचा नाही, कितीही सरळ दिसला तरी.

डिझेलची_धार

स्पीडोमीटर कुठून फिरणार? जिप्सीत केबल ट्रान्सफर केसला लागते ना?

ऐरोलीचा_पाना

...

ट्रान्सफर केस तर दुकानातच सोडून आलो.

हेराल्डवाले_काका

आता घाटकोपरपर्यंत ऐकू जाईल इतका मोठ्याने हसलो. मिजेटच्या डायलमध्ये डिजिटल आकडा बसवलात तर मात्र मी धागा सोडून जाईन.

तुर्भे_टायमिंग

पाऊण किलोमीटरच्या रस्त्यावर काटा शून्यावर राहिला तरी चालेल. हिशोब करा: चौथा गिअर सरळ एकास एक, मिजेटचा अ‍ॅक्सल ३.९चा असेल तर ३००० आरपीएमला साधारण ८० किमी. टॅकोमीटर बघून वेग ओळखा.

पेट्रोलचा प्रश्न मोठा आहे. इंजेक्शनला सुमारे ३ बारचा दाब आणि परतीची लाइन लागते. मिजेटचा एसयू कंपनीचा पंप कार्बोरेटरपुरताच. टाकीला वेल्डिंग करायचा विचारही करू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. डिकीत दोन लिटरची छोटी सर्ज टाकी ठेवा: जुना पंप ती भरेल, तिच्यातून इंजेक्शनचा पंप ओढेल, परतीचं पेट्रोल तिच्यातच येईल, आणि जास्तीचं फिलर नेकच्या रबरी पाइपात टी टाकून मुख्य टाकीत. सगळे रबरी पाइप नवीन घ्या. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, सदुसष्टचं रबर त्यात लाडवासारखं फुटतं.

ऐरोलीचा_पाना (१९ जानेवारी)

झालं. आज ११ वाजून ४० मिनिटांनी पहिल्यांदा सुरू झालं. ताई स्वतः तुर्भ्याहून लॅपटॉप घेऊन आल्या होत्या, अर्थ बदलून सगळं हार्नेस त्यांनीच गुंडाळलं. तिसऱ्या सेल्फला पकडलं. आवाज मारुतीचा, वास मिजेटचा.

सात मिनिटांत काटा लाल रेषेकडे. हृदयाचे ठोके चुकले. कारण साधं: मिजेटच्या रेडिएटरचं तोंड जिप्सीच्या हेडपेक्षा खाली, त्यामुळे हवा हेडमध्येच अडकून राहिली होती. गाडीचं नाक फूटभर उचललं, हीटरची नळी सैल करून पाणी हळूहळू भरलं, बुडबुडे संपेपर्यंत. मग इलेक्ट्रिक पंख्यावर अर्धा तास उभी ठेवली, काटा मधोमध.

इंजिन हलकं झाल्यामुळे पुढचं नाक बोटभर वर आलंय. बघणाऱ्याला कळत नाही, मला रोज कळतं.

हेराल्डवाले_काका

मनापासून अभिनंदन. आता जिन्याखालच्या गोणपाटाकडे वळा. प्लग काढा, चारही भोकांत डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) अर्धं-अर्धं ओता, आठ दिवस विसरा.

ऐरोलीचा_पाना (२३ फेब्रुवारी)

काल शहापूरला नेली. मामा वाडीच्या फाटकाशी उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मी दोन फेऱ्या मारल्या, मग ते बसले. पाचवा गिअर कुठे आहे ते विचारलं, वापरला मात्र नाही. तीन फेऱ्यांनंतर उतरले आणि म्हणाले, "पळते छान. पण ही बोलत नाही रे." मामी म्हणाल्या, "तेव्हा बोलायची म्हणून तर घाटात थांबलो होतो."

येताना फ्लॅटबेडवर मी गप्पच होतो.

काका, डिझेल तीन आठवड्यांपूर्वी ओतलंय. आज हेड उतरवतो.

ऐरोलीचा_पाना (२ मार्च)

हेड उतरवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटांजवळ भेग आहे. हेडमध्ये. गॅस्केटही त्याच जागी जळलेलं.

ब्लॉक वागळे दादांकडे नेला. त्यांनी तळापासून तपासला. भेग नाही. तिसऱ्या सिलिंडरमध्ये पाणी बसून रिंगा गंजल्या, तेवढ्याने इंजिन जाम झालं होतं.

हेराल्डवाले_काका

१२७५च्या हेडची ही जुनी खोड आहे, तिथेच तडकतं. त्या मेकॅनिकने हेड उतरवलंच नसणार. पाण्यात ऑइल बघितलं आणि निकाल दिला.

कलम_बावन्न

म्हणजे ब्लॉक तोच, त्यावरचा नंबर तोच, आरसीवरचा नंबर तोच?

ऐरोलीचा_पाना

तोच. काल रात्री आरसी काढून दोनदा जुळवला.

कलम_बावन्न

मग शर्टचं खोकं उघड. आधी हरवू नकोस म्हणजे झालं.

वागळे_लेथ

बोअर करून ठेवतो, ओव्हरसाइज पिस्टन आणि हेड ब्रिटनहून येईल, एकटं हेड परवडतं. दोन्ही एसयू कार्बोरेटर घासून घे. ते सगळं ठीक, पण माझी चेन पुली?

ऐरोलीचा_पाना

दादा, जिप्सीचं बाहेर काढायचंय, मग जुनं आत. दोन रविवार द्या.

वागळे_लेथ

हे तू दिवाळीतही म्हणाला होतास.

हेराल्डवाले_काका

जिप्सीच्या इंजिनाचं काय करणार आहात? सहज विचारतोय. प्लायचा तो डमी फेकला नसेल तर लांबी किती भरते ते कळवा. हेराल्डचं बॉनेट अख्खं पुढे उघडतं, चासीही वेगळी आहे, त्यामुळे कापाकापी फारशी लागू नये...

कलम_बावन्न

काका!